तत्त्वतः पाठिंबा, सक्त विरोध

मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतच्या किनाऱ्यावर एक वेळ जिताडा मिळणार नाही, पण मत हमखास मिळेल. जेटी कुठे बांधावी, रेवस-करंजा पूल आपल्या हयातीत होईल का, रो-रोचं तिकीट किती असावं, पर्ससीनवाल्यांना कुणाचा आशीर्वाद आहे, मुंबई-गोवा महामार्गाचे पैसे कुठल्या खड्ड्यात गेले, अशा प्रत्येक प्रश्नावर चहा उकळेपर्यंत संपूर्ण आणि अंतिम मत तयार असतं. फक्त ते लिहून मागू नका. लिहून मागितलं की हाच माणूस घड्याळाकडे बघतो, त्याला शेवटची बोट आठवते, आणि "तसं माझं काही म्हणणं नाही हो, लोक बोलतात म्हणून सांगितलं" असं पुटपुटत तो चपला शोधायला लागतो.

पोझिशन पेपर नावाची चीज आमच्याकडे रुजली नाही ती याच कारणाने. एखाद्या वादाच्या प्रश्नावर आपलं म्हणणं काय, ते कशाच्या जोरावर, समोरचा काय म्हणतो आणि तरीही आपण आपल्याच जागी का उभे आहोत, हे सगळं लिहून खाली सही करायची, म्हणजे पोझिशन पेपर. निवेदन वेगळं, त्यात मागणं असतं. हरकत वेगळी, ती नोटिशीच्या मुदतीत द्यायची असते. श्वेतपत्रिका सरकार काढतं, आणि ती बहुधा आधीच्या सरकारविषयी असते. पोझिशन पेपर मात्र कुणी न मागता आपण होऊन लिहायचा. आमच्या गुरुजींना हा प्रकार ठाऊक आहे, कारण २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी एनसीईआरटीने असे एकवीस पेपर काढले होते. गणितापासून हस्तकलेपर्यंत प्रत्येक विषयावर एक. एकवीसच का, असं मी विचारलं तेव्हा गुरुजी म्हणाले, "नैवेद्य तितक्याचाच असतो."

आमच्याकडे चालतं ते निवेदन. आणि निवेदनाचा जीव मजकुरात नसून फोटोत असतो. अलिबागला हिराकोट तलावाशेजारी जिल्हाधिकारी कार्यालय आहे. तिथे कुठल्याही कामाच्या दिवशी जा, कुठलं ना कुठलं शिष्टमंडळ पायऱ्यांवर शर्ट खोचताना दिसेल. आत गेल्यावर कागद एक आणि हात अकरा. साहेबांनी एका टोकाला धरलेलं, अध्यक्षांनी दुसऱ्या टोकाला, उपाध्यक्षांचं बोट मधल्या रिकाम्या जागेत, खजिनदारांचा अंगठा खालून. ज्याचा हात कागदापर्यंत पोचत नाही तो पुढच्याच्या कोपराला हात लावतो, सत्यनारायणाला यजमानाच्या हाताला घरच्यांनी लावावा तसा, म्हणजे पुण्य सगळ्यांना मिळतं. नजरा सगळ्यांच्या कॅमेऱ्याकडे. त्या क्षणी कागदाकडे कुणीच पाहत नसतं. एकदा मी मुद्दाम पाहिलं, तर निवेदन उलटं धरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, त्यातही उलटंच आलं, आणि गावात कुणाच्याही लक्षात आलं नाही.

हे निवेदन लिहितो कोण? अध्यक्ष नाही, सचिव तर नाहीच नाही. लिहितो झेरॉक्सवाला. जिल्ह्याच्या ठिकाणच्या त्या छोट्या गाळ्यात, लॅमिनेशनच्या वासात, एक मुलगा संगणकापुढे बसलेला असतो आणि अख्ख्या किनाऱ्याचं सार्वजनिक म्हणणं त्याच्या एका फोल्डरमध्ये असतं. बंदराच्या बाजूचं, बंदराच्या विरोधातलं, रिसॉर्टवाल्याचं, रिसॉर्टने वाट अडवली म्हणून चिडलेल्या गावाचं. "काय विषय आहे?" तो विचारतो आणि जुनी फाइल उघडून नाव बदलतो. त्यामुळे "निसर्गाने मुक्तहस्ताने उधळण केलेल्या या रम्य किनारपट्टीवर" हे वाक्य मी रिसॉर्टच्या प्रस्तावातही वाचलं आहे आणि त्याच रिसॉर्टविरुद्धच्या हरकतीतही. फरक पुढच्या ओळीत असतो. एकीकडे "पर्यटनास चालना मिळेल", दुसरीकडे "पर्यावरणास बाधा पोहोचेल". कधी घाईत तिसऱ्या परिच्छेदातलं गाव बदलायचं राहून जातं आणि अलिबाग तालुक्यातले ग्रामस्थ म्हसळा तालुक्यातल्या पाणीटंचाईबद्दल तीव्र आंदोलनाचा इशारा देतात. साहेब त्यावर शेरा मारतात, "योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित". ती कार्यवाही कधीकधी म्हसळ्यात होतेही.

लिहायचंच नाही असं मात्र कुणी म्हणू नये, कारण आमचा जिल्हा एका वाक्यासाठी हायकोर्टापर्यंत गेलेला आहे. "अलिबागसे आया है क्या?" हे ते वाक्य. हा समस्त अलिबागकरांचा अपमान आहे, त्यावर बंदी घाला, अशी याचिका २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली. विनोद सगळ्याच समाजांवर होतात, ते मनाला लावून घेऊ नयेत, असं सांगून कोर्टाने ती फेटाळली. लोक त्या याचिकेला हसले. मी हसलो नाही. या किनाऱ्यावर कुणीतरी आपलं म्हणणं एकदाचं सरळ लिहून काढलं, कारणासहित मांडलं आणि सही केली. हरला, पण त्याचं म्हणणं काय होतं ते तरी सगळ्या महाराष्ट्राला कळलं. आमच्या गावच्या जेटीबद्दल आमचं म्हणणं काय, ते अजून आम्हालाच कळलेलं नाही.

त्या जेटीची सभा देवळात झाली. खाजगी कंपनी खाडीच्या तोंडाशी जेटी बांधणार अशी कुणकुण लागली होती, आणि मुंबईहून आलेल्या एका पर्यावरणवाल्या मुलीने सुचवलं होतं की गावाने नुसतं निवेदन न देता नीट पोझिशन पेपर लिहावा. नाव मोठं असल्यामुळे सगळे खूश होते. सरपंचांनी चहा सांगितला. मी लिहायला बसलो, कारण माझ्याकडे पेन होतं.

पहिल्यांदा नाखवा उठले. "आपल्याला जेटी पायजे. बोटी लावायला जागा नाय. भरती चुकली का रात काढावी लागते भायेर."

"म्हणजे पाठिंबा लिहू?" सरपंचांनी विचारलं.

"पाठिंबा कशाला? जेटी पायजे. त्यांची जेटी नको."

पाठोपाठ नारळी-पोफळीच्या वाडीचे एक मालक उठले. त्यांचं म्हणणं अगदी स्वच्छ होतं. जेटीचा रस्ता त्यांच्या वाडीतून जाणार असेल तर विरोध, शेजारच्यांच्या वाडीतून जाणार असेल तर गावाचा विकास झालाच पाहिजे. शेजारचे त्याच सतरंजीवर बसले होते. त्यांनीही हेच सांगितलं, फक्त वाड्यांची अदलाबदल करून. मोबाइलवर व्हिडिओ कॉलने हजर असलेल्या लालबागच्या चाकरमान्यांची एकच सूचना होती, की 'अस्मिता' हा शब्द आला पाहिजे. कुठे, ते तुम्ही बघा.

मग गुरुजींनी एक निरुपद्रवी प्रश्न विचारला आणि सभा गारठली. "आपल्या गावात बोटी किती?"

वाचकहो, पोझिशन पेपरचं घोडं पेंड खातं ते इथे. मतं किती का असेनात, आकडा एकच लागतो. बोटी किती, हे कशासाठी विचारताय त्यावर अवलंबून असतं. डिझेल परताव्याच्या यादीत एक आकडा, ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर झालेल्या पंचनाम्यात दुसरा, आणि पाण्यात तिसरा. नाखवांनी वर छताकडे पाहिलं. सोसायटीच्या चेअरमननी खाली फरशीकडे पाहिलं. शेवटी "शेकडो बोटी" असं लिहायचं ठरलं. गुरुजी म्हणाले, "शेकडो म्हणजे निदान दोनशे तरी लागतात." त्यावर "अनेक" असं ठरलं.

त्या संपूर्ण सभेत कामाचं एकच वाक्य बोललं गेलं, ते मासळी विकणाऱ्या एका मावशींनी. त्या दाराशी पाटी टेकून उभ्या होत्या. "जेटी झाली का पानी कुटं वलल आनि गाल कुटं बसल, ते कोन सांगल? आमी वोहटीला कालवां काडतो तीच जागा हाय ती." पाण्याचा ओघ, गाळ, ओहोटीला उघडी पडणारी जागा आणि तिच्यावर पोट भरणाऱ्या बायका. जगातला कुठलाही चांगला पोझिशन पेपर इथून सुरू झाला असता. सरपंच म्हणाले, "मावशी, तुमचं बरोबर आहे. जरा चहाचं बघता का?"

इथून उत्तरेला, किहीमला, १९३० साली सालिम अलींनी सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला. नर अर्धं घरटं विणतो आणि थांबतो. माद्या येतात, आत शिरून तपासतात. पसंत पडलं तर मादी तिथे राहते आणि नर पुढचं विणकाम करतो. नाही पडलं तर ते तसंच लटकत राहतं. आमच्या सभेत प्रत्येकाने आपापलं अर्धं घरटं विणून आणलं होतं आणि तपासणाऱ्या तेवढ्या चहा बघायला गेल्या होत्या. रात्री साडेदहाला जो मसुदा एकमताने, सूचक-अनुमोदकांच्या नावांसह मंजूर झाला, त्याचं मुख्य वाक्य असं: "सदर प्रस्तावित जेटीस समस्त ग्रामस्थांचा तत्त्वतः पाठिंबा असून, अस्मितेच्या दृष्टीने सदर जेटीस समस्त ग्रामस्थांचा सक्त विरोध आहे." टाळ्या पडल्या. या वाक्यावर कुणालाच आक्षेप नव्हता, कारण प्रत्येकाला त्यात आपलं अर्धं वाक्य सापडलं होतं.

गावाला हसायचं कारण नाही. पक्षांचे कागद याहून सुबक असतात, एवढंच. तळ्यात-मळ्यात खेळताना दोन्ही पाय उचलून हवेत राहायची कला ज्यांना साधली आहे त्यांचा जाहीरनामा काढून पाहा. "स्थानिकांना विश्वासात घेऊनच प्रकल्प राबवला जाईल." हे वाक्य प्रकल्पवाल्यांनाही चालतं, विरोधकांनाही चालतं, आणि विश्वासात कसं घ्यायचं ते लिहिलेलं नसल्यामुळे अधिकाऱ्यांनाही चालतं. 'नरो वा कुंजरो वा'ला निदान शंख फुंकायला कुणीतरी लागलं होतं. इथे तेही लागत नाही.

खरा, नियमाप्रमाणे बेतलेला पोझिशन पेपर आमच्या किनाऱ्यावर लिहितात ते शनिवार-रविवारचे रहिवासी. गेटवेहून मांडव्याला उतरणारी ही मंडळी अभ्यासू असतात. चाळीस पानं, इंग्रजी, गुळगुळीत कागद, उपग्रहाची चित्रं, सुरुवातीला घाईतल्यांसाठी सारांश. किनाऱ्यावर आता आणखी एकही बांधकाम होता कामा नये, असं त्यांचं ठाम आणि पुराव्यानिशी मांडलेलं मत असतं. हे मत बहुधा त्यांच्या स्वतःच्या बंगल्याच्या स्लॅबला पाणी मारून झाल्यावर तयार होतं. तरी मी त्यांना नावं ठेवणार नाही. त्यांच्या कागदात आकडा असतो, नकाशा असतो, नियमाचं कलम असतं. आमचं म्हणणं खरं आणि कागद कच्चा, त्यांचं म्हणणं सोयीचं आणि कागद पक्का. साहेबांसमोर पोचतो तो कागद.

नकाशावरून आठवलं. किनारा नियमन क्षेत्राचे, म्हणजे सीआरझेडचे, नियम पहिल्यांदा १९९१ साली आले, मग २०११ साली नवे, मग २०१९ साली आणखी नवे. भरतीरेषेपासून किती अंतरात काय बांधायचं नाही याचा हा हिशोब. २०१९च्या नियमांत दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यासाठी ना-विकास पट्टा ५० मीटरचा, विरळ वस्तीसाठी २०० मीटरचा. दाट म्हणजे किती? २०११च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१हून जास्त माणसं. गाव दाट की विरळ हे त्या दिवशी मोजणीदार आला तेव्हा कोण घरात होतं आणि कोण मुंबईला होतं यावर ठरलं. आता तो पट्टा नकाशावर पाहायचा. किनारा व्यवस्थापन आराखड्याचा मोठा नकाशा असतो १:२५,०००चा, म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर २५ मीटर. ५० मीटरचा पट्टा झाला दोन मिलिमीटर. आमच्या ग्रामपंचायतीत तो नकाशा टेबलावर पसरला तेव्हा नाखवा मासळी सुकवायची जागा शोधत होते. ती रेषेच्या जाडीखाली गेली होती. "इथं हाय का नाय आमी?" त्यांनी विचारलं. माहिती द्यायला आलेला तरुण प्रामाणिक होता. तो म्हणाला, "काका, आहात. फक्त दिसत नाही आहात."

कोळीवाडा, बोटी ओढायची जागा, मासळी सुकवायची जागा हे सगळं नकाशात वेगळं दाखवावं ही किनाऱ्यावरच्या मच्छीमारांची जुनी मागणी आहे, आणि ती नियमाला धरून आहे. पण दाखवण्याआधी कुणीतरी फीत घेऊन ती जागा मोजून, गट नंबर घालून कागदावर आणावी लागते. तिथे पुन्हा आकडा येतो, आणि आकडा आला की मंडळी छताकडे बघतात.

असं नाही की या मातीला ठाम राहणं जमत नाही. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ला नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांची सभा झाली आणि ठरलं, की खोत पिकाचा न्याय्य वाटा देत नाहीत तोवर जमीन कसायची नाही. संपलं. उपाध्यक्षांची दुरुस्ती नाही, अस्मिता नाही, तत्त्वतः नाही. आसपासच्या पंचवीस गावांनी तो शब्द पाळला. १९३९पर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा वर्षं, तिथली शेतं पडीक राहिली आणि माणसं मोलमजुरी करून, लाकडं तोडून, खाडीत मिळेल ते धरून जगली. त्या काळात डॉक्टर आंबेडकरांचा आधार या लढ्याला होता. सप्टेंबर १९३७मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. त्याच वर्षी नारायण नागूंनी 'कृषीवल' सुरू केलं, कारण एवढं सगळं करायचं आणि लिहायचं कुणी दुसऱ्याने, हे त्यांना पटलं नसावं. सहा वर्षं टिकलेल्या त्या निर्णयापुढे आमचा रात्री साडेदहाचा ठराव ठेवून पाहिला, आणि पुन्हा घडी घालून खिशात टाकला.

आणि दूरची गोष्ट कशाला? महामुंबई सेझ आठवत असेल. पेण, उरण, पनवेलच्या पट्ट्यातली शेती त्यात जाणार होती. २१ सप्टेंबर २००८ला पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारनेच शेतकऱ्यांचं मत अजमावलं. बाजूने की विरोधात, ते लिहून द्या. शेतकऱ्यांनी लिहून दिलं आणि विरोधाचं पारडं खाली टेकलं. त्या कागदावर तत्त्वतः लिहायला जागाच ठेवलेली नव्हती, हे फार बरं झालं. जागा असती तर आम्ही भरली असती.

मला वाटतं, पोझिशन पेपरचा खरा उपयोग साहेबांना पटवण्यासाठी नसतोच. साहेबांची बदली होते. कागदाचा उपयोग आपल्याला बांधून घालण्यासाठी असतो. आज जेटी नको म्हणून सही केली की उद्या जेटीच्या ठेक्यात पुतण्याचा डंपर लावताना तो कागद आडवा येतो. म्हणून तर लिहिणं टळतं. चुकीचं लिहिलं जाईल ही भीती कुणालाच नसते. भीती असते ती बरोबर लिहिलं जाईल याची.

आमची जेटी अजून कागदावरच आहे, तिच्यावरचं आमचं म्हणणंही. पण जनसुनावणी कधी ना कधी लागेल, आमच्याकडे नाही तर तुमच्या गावी लागेल. तेव्हा तीन गोष्टी ठाऊक असू द्या. २००६च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेप्रमाणे सुनावणीला गणसंख्येची अट नाही. तुम्ही आला नाहीत तरी ती होते आणि झाली असं धरलं जातं. हजर असलेल्या प्रत्येकाला बोलायची, विचारायची संधी द्यावी लागते आणि सगळ्याचं चित्रीकरण होतं. आणि शेवटी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रतिनिधीने कामकाजाचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो. त्या वेळेपर्यंत मंडपात फक्त खुर्च्या आणि मंडपवाला उरलेले असतात, कारण जेवणाची वेळ झालेली असते आणि पुढाऱ्यांच्या गाड्या निघालेल्या असतात. मावशी सकाळपासून दाराशी उभ्या असतील, त्यांना खुर्ची द्या, त्यांचं गाळाबद्दलचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत नोंदवा, आणि तो गोषवारा मराठीत वाचून होईपर्यंत कुणीही जागचं उठू नका.